उत्तरेच्या भिंतीपाशी

बेरिल थर्कटलच्या माहेरी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, की आपलं घराणं मूळचं पाद्र्याचं. नाताळच्या आधी तिचे वडील मागच्या अंगणात मेजवानीचे हंस सोलत बसायचे, हात कोपरापर्यंत पिसांनी माखलेले, आणि तशा अवतारात लेकीला सांगायचे, की आपण काही असेतसे नाही, आपल्या रक्तात चर्च आहे. पण त्या पाद्र्याचं नाव काय, गाव कुठलं, आणि पाद्र्याच्या वंशावर पुढं खोगिरं शिवायची आणि हंस सोलायची पाळी का आली, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. आई फणकारून म्हणायची, उतरत्या घरालाच पूर्वजांचा जास्त पुळका.

बेरिलनं सत्तरी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, बागेतलं खणणं-लावणं सुटलं, तेव्हा तिनं हा पाद्री शोधायचं मनावर घेतलं. नवरा विल्फ. त्याचा जन्म शेतातलं बीट साखर कारखान्यावर पोचवण्यात गेलेला. त्याला पूर्वजांचं काडीचं कौतुक नव्हतं. त्याच्याकडचे सगळे शेतमजूर, आणि सगळे एकाच चर्चच्या आवारात ओळीनं निजलेले. त्यांना शोधायचं ते काय? पण बेरिलला गाडी येत नव्हती. म्हणून दर गुरुवारी तो तिला जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात सोडायचा आणि स्वतः गाडीतच बसून हॅमचं सँडविच खात रेडिओवर क्रिकेट ऐकायचा.

दफ्तरखान्यातल्या मिसेस नड चष्म्यावरून बघणाऱ्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी बेरिलला वाट दाखवली. आधी वडिलांचा बाप्तिस्मा, मग आजोबांचं लग्न, मग पणजोबा एडमंड कॅटन, खोगीर शिवणारा. प्रत्येक नोंद मागच्या पिढीचं बोट धरून पुढं आणायची. एडमंडच्या लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव होतं थिओफिलस कॅटन आणि पुढच्या रकान्यात धंदा लिहिला होता, क्लार्क. बेरिलचा चेहरा पडला. संध्याकाळी तिनं ते सांगितलं तेव्हा विल्फला हसू आवरेना.

"पाद्री आणायला गेलीस आणि कारकून घेऊन आलीस की गं," तो म्हणाला.

पण पुढच्या गुरुवारी मिसेस नड यांनी सांगितलं, की चर्चच्या जुन्या वह्यांत क्लार्क म्हणजे कारकून नव्हे, दीक्षा घेतलेला पाद्री. मग स्नेटरली नावाच्या लहानशा गावाच्या वह्या निघाल्या, आणि त्यांत तो सापडलाच. रेव्हरंड थिओफिलस कॅटन, बायको मेरी-अ‍ॅन, मुलगा एडमंड. बेरिलचा खापरपणजोबा. बेरिल त्या दिवशी बाहेर आली ती मान ताठ करून, आणि गाडीत बसताना विल्फला म्हणाली, "पाद्र्याच्या नातवाच्या नातीसाठी दार उघडायला काय होतं तुला?" विल्फ खरंच खाली उतरला, वळसा घालून आला आणि टोपी काढून त्यानं दार उघडलं. घरी जाईपर्यंत दोघं हसत होती.

एवढ्यावर बेरिल थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला त्या माणसाचं अक्षर बघायचं होतं. स्नेटरलीच्या दफनाच्या नोंदी त्यानंच सोळा-सतरा वर्षं स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या. मिसेस नड यांनी मूळ वही आणून जपून उशीवर ठेवली. अक्षर वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या बार्लीसारखं, पण वाचता येण्याजोगं. म्हातारेकोतारे, तापानं गेलेली पोरं, गाडीखाली सापडलेला एक मजूर. बेरिल वाचत वाचत शेवटापर्यंत गेली. शेवटची पानं उलटी होती. कुणीतरी वही फिरवून मागच्या बाजूनंही लिहायला घेतली होती. अक्षर तेच.

या पानांवर छापील रकाने नव्हते आणि बाळांना नावंही नव्हती. "विल्यम बुलरचा मुलगा. श्वास घेतला नाही. उत्तरेच्या भिंतीपाशी, काटेरी झाडाखाली. बाप आणि मी." त्याखाली, "विधवा मिसेस पाय हिची मुलगी. श्वास घेतला नाही. उत्तरेच्या भिंतीपाशी. आई आणि मी." अशी दोन पानं.

बेरिलनं मिसेस नड यांना बोलावलं. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, की त्या काळी बाप्तिस्म्याआधी मेलेल्या मुलासाठी प्रार्थना म्हणायला चर्चची परवानगी नव्हती, आणि जन्मतःच मेलेल्या बाळाची तर नोंदही करायची नसे. बापानं ते फडक्यात गुंडाळून आणायचं, चर्चच्या उत्तरेला, जिकडं ऊन येत नाही तिकडं पुरायचं, आणि मुकाट घरी जायचं. हे असं वहीत लिहिलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

त्या आपल्या टेबलाकडे परतल्या आणि बेरिल पुढं वाचत राहिली. दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं:

"आमची मुलगी. श्वास घेतला नाही. मेरी-अ‍ॅनला दाखवली. उत्तरेच्या भिंतीपाशी, इतरांजवळ."

बेरिलनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पेन्सिल पर्समध्ये ठेवली, वही मिटली, मिसेस नड यांचे आभार मानले आणि कोट हातातच घेऊन बाहेर आली. विल्फ गाडीत होता. ती शेजारी बसली, पण पट्टा लावला नाही. वहीत काय होतं ते तिनं त्याला सांगितलं. सँडविच त्याच्या हातात तसंच राहिलं.

"मेरी-अ‍ॅनला दाखवली म्हणून लिहिलंय त्यानं," बेरिल म्हणाली. मग, पुढच्या काचेकडे बघत, "आपलं कुठंय, विल्फ?"

विल्फनं रेडिओ बंद केला.

आपलं, म्हणजे काय, हे विचारायची त्याला गरज नव्हती. एकोणीसशे त्रेसष्टच्या हिवाळ्यात, सगळा मुलूख दोन-अडीच महिने बर्फाखाली असताना, बेरिलला पहिल्यांदा दिवस गेलेले होते आणि भरत आले होते. पोटातलं हलणं थांबलं. इस्पितळात तिला गुंगीचं औषध दिलं. जागी झाली तेव्हा पोट रिकामं आणि पलंगाशेजारी कोणी नाही. मोठ्या नर्सबाई आल्या, चादर सारखी केली आणि म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नको, तरुण आहेस, दुसरं होईल. मुलगा की मुलगी हे तिनं विचारलं नाही, कारण विचारायचं असतं असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरी आली तर पाळणा शेजारच्यांनी उचलून नेलेला. दोन वर्षांनी अ‍ॅलिसन झाली. अ‍ॅलिसन आता लीड्सला असते, तिची मुलंही कॉलेजात गेली. त्या हिवाळ्याबद्दल या घरात आजवर एक शब्द निघाला नव्हता.

"मला माहीत नाही कुठंय," विल्फ म्हणाला. "इस्पितळानंच केलं सगळं. एक माणूस आला होता पेटी घेऊन. मी त्याला विचारलं, जमीन दगड झालीय, खणणार कशी? तर तो म्हणाला, आदल्या दिवशी शेगडी पेटवून ठेवतात, मग कुदळ लागते."

"म्हणजे तू तिथं होतास."

"इस्पितळात होतो."

बेरिलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "पाहिलंस?"

विल्फनं सँडविच कागदात गुंडाळलं, नीट, चारी कोपरे दुमडून. "पाहिलं," तो म्हणाला. "मुलगा होता."

घरी जाताना सगळा वेळ बेरिल बाहेरची शेतं बघत होती. ती रडली नाही. विल्फच बोलत होता, थांबून थांबून. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, की बायकोपाशी हा विषय काढू नकोस, ती खचेल. त्यानं ऐकलं. तेवीस-चोवीस वर्षांचा बीट वाहणारा पोरगा, डॉक्टरांपुढं काय बोलणार? सुरुवातीला रोज सकाळी वाटायचं, आज सांगावं. मग अ‍ॅलिसनच्या वेळचे दिवस गेले, तेव्हा तर सांगणं शक्यच नव्हतं. मग ती झाली. आणि मग इतका उशीर झाला होता, की आता सांगायचं कोणत्या तोंडानं, हेच कळेना.

दाराशी गाडी थांबल्यावर बेरिल म्हणाली, "दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं, आईला दाखवावं. आणि तू रोज रात्री माझ्या शेजारी निजत होतास."

त्या दिवसापासून ती अ‍ॅलिसनच्या जुन्या खोलीत झोपायला लागली. स्वयंपाक व्हायचा, कपडे धुतले जायचे, चहाचा कप विल्फच्या हाताशी यायचा. पण बोलणं कामापुरतं. दफ्तरखान्यात जाणंही तिनं सोडलं. मिसेस नड यांचा एकदा फोन आला. थिओफिलस कॅटनबद्दल त्यांना आणखी थोडं सापडलं होतं. वरिष्ठ धर्माधिकारी स्नेटरलीला तपासणीला आले, त्यांनी ती मागची पानं पाहिली, थिओफिलसची खरडपट्टी काढली आणि त्याची बदली किनाऱ्यालगतच्या दलदलीतल्या एका भिकार गावी केली. तिथल्या तापानं तो पन्नाशीच्या आत गेला. पोरका एडमंड मग खोगीरवाल्याकडे कामाला लागला. घराणं उतरलं ते असं. बेरिलनं ऐकून घेतलं, बरं म्हणाली आणि फोन ठेवला. वडील असते तर त्यांना हे सांगायला हवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

इकडं विल्फ कोट घालून सकाळीच बाहेर पडायला लागला. कुठं जातो ते सांगेना, बेरिल विचारेना. तो आधी इस्पितळात गेला. तिथले इतके जुने कागद कधीच नष्ट झाले होते. मग मेलेल्या माणसांच्या पेट्या बनवणाऱ्या दुकानात गेला, तर तिथं आता गालिचे विकत होते. शेवटी नगरपालिकेच्या दफनभूमीच्या कचेरीत गेला. तिथली बाई म्हणाली, शोधायला वेळ लागेल, फोन नंबर देऊन जा. नंबर द्यायचा तर फोन बेरिल उचलणार. तो म्हणाला, नको, मीच येईन. आणि अधूनमधून जात राहिला.

मे महिन्यात एका दुपारी बेरिल डंपलिंगचं पीठ मळत होती. विल्फ आला आणि टोपी न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"सापडला," तो म्हणाला.

बेरिलनं पिठाचे हात तसेच वर धरले. मग नळाखाली धुतले, पुसले आणि कोट घ्यायला गेली. पीठ परातीत तसंच राहिलं.

दफनभूमीच्या जुन्या भागात, प्रार्थनाघराच्या मागं, कुंपणाच्या कडेला एक गवताची पट्टी होती. दगड नाही, खूण नाही. कचेरीतली बाई नकाशा घेऊन बरोबर आली होती. तिनं चालत चालत एका जागी थांबून हात केला. त्या हिवाळ्यात जन्मतःच गेलेली बाळं एकाच खड्ड्यात ठेवली होती, एकावर एक. वहीत नावं नव्हतीच, अशा बाळांना नाव द्यायची तेव्हा सोय नव्हती. फक्त आडनावं. थर्कटल यांचं, मृत जन्मलेलं. शेजारीच पाण्याचा नळ होता, आणि लोकांनी थडग्यांवरची सुकलेली फुलं टाकून टाकून तिथं उकिरडा केला होता. प्लास्टिकचे कागद, रिबिनी, एक फुटकी बरणी.

बेरिलनं विचारलं, यातलं नेमकं कोणत्या बाजूला? बाई म्हणाली, ते सांगता येणार नाही, आणि तिलाच रडू फुटलं. बेरिलनं तिच्या दंडावर हात ठेवला. मग ती वाकली आणि प्लास्टिकचे कागद उचलायला लागली. गुडघे ऐकत नव्हते. विल्फही वाकला. दोघांनी तो सगळा ढीग हातानं उचलून कचऱ्याच्या डब्याशी नेला. गाडीशी आल्यावर बेरिलनं त्याच्या बाहीला चिकटलेली एक ओली पाकळी काढून टाकली. तिनं त्याला आपणहून हात लावला तो त्या दिवशी, कित्येक महिन्यांनंतर.

जूनमध्ये तिथं प्रार्थना झाली. गावच्या पाद्री आता एक बाई होत्या, रेव्हरंड लोरना किड. त्यांनी विचारलं, बाळासाठी नाव ठरवलं होतं का? बेरिलनं मान हलवली. क्लेमेंट ठरलं होतं. पण प्रार्थनेच्या वेळी ते तिच्या तोंडून फुटेना, ओठ नुसते हलले. शेवटी विल्फच म्हणाला, मोठ्यानं, एखाद्याला शेताच्या त्या टोकावरून हाक मारावी तसं, "क्लेमेंट." अ‍ॅलिसन लीड्सहून आली होती. आपल्याला एक भाऊ होता हे तिला पंधरा दिवसांपूर्वीच कळलं होतं. ती आईबापांच्या मध्ये उभी होती आणि कुणाचा हात धरावा ते तिला समजत नव्हतं.

बेरिलनं विल्फला माफ केलं का? अ‍ॅलिसननं तिला तसं विचारलंही. बेरिल म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. पण क्लेमेंटला पाहिलेला माणूस जगात हा एकच आहे. मग मी रुसून बसू कुणावर?"

त्या उन्हाळ्यात जेवणं उरकली, की दोघं मागच्या दारी खुर्च्या टाकून बसायची आणि बेरिल विचारायची. विल्फ सांगायचा. इस्पितळाच्या मागच्या खोलीत, टॉवेलात गुंडाळलेला होता. केस काळे, ओले, कपाळावर चिकटलेले. हनुवटी थेट बेरिलच्या वडिलांची, मधे खळी. एक हात टॉवेलाबाहेर आला होता. नर्स म्हणाली, बघायचं असेल तर बघा, पटकन. त्यानं एक बोट त्या हातावर टेकवलं होतं. डोळे मिटलेले.

एवढंच होतं. पण बेरिलचं एवढ्यानं भागेना. ती रोज विचारायची, आणि आणखी काय? आणि विल्फ, जो आयुष्यात कधी दोन वाक्यं सलग बोलला नव्हता, आठवून आठवून भर घालायचा. एकदा म्हणाला, नखं लांब होती. एकदा म्हणाला, कानाच्या पाळीवर तीळ होता. सप्टेंबरात एका संध्याकाळी म्हणाला, डोळे तुझ्यासारखे, राखाडी. बेरिलनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो खाली बघून बुटाची नाडी सोडायला लागला. तिनं विचारलं नाही, की मिटलेल्या डोळ्यांचा रंग तुला कसा दिसला. "राखाडी," ती नुसती म्हणाली, आणि त्याच्या गुडघ्यावर शाल सारखी केली.

बीटची काढणी सुरू झाली तेव्हा विल्फला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं, समोरचं सगळं कळत होतं, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा, आणि तो यायला लागला की लाजून तो तोंड फिरवायचा. बेरिल रोज बसनं इस्पितळात जायची. तिनं आता विचारणं बंद केलं. उलट तीच सांगायची. खुर्ची पलंगाला टेकवून, आवाज खाली करून, त्यानं सांगितलेलं सगळं त्यालाच सांगायची. काळे केस, हनुवटी, बाहेर आलेला हात. कधी ती मुद्दाम एखादी गोष्ट गाळायची, आणि मग विल्फ डाव्या हाताची बोटं चादरीवर आपटायचा. "हो रे, तीळ," ती म्हणायची. "राहिलाच की सांगायचा." कधी त्याचे डोळे भरून यायचे. ते पुसायला ती आपला रुमाल वापरायची, इस्पितळाचा कागद नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो गेला. सकाळची वेळ होती. बेरिल बसमध्ये होती, ती पोचेपर्यंत थांबला नाही.

त्याला त्याच्या माणसांच्या ओळीत, त्याच्या आईबापांजवळ पुरलं. क्लेमेंटच्या जागी नेता येईल का म्हणून बेरिलनं कचेरीत विचारून पाहिलं होतं. तो खड्डा उघडायला परवानगी नव्हती, तिथं इतरांचीही मुलं होती. ते तिला पटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

अंत्यविधीनंतर अ‍ॅलिसन आईला घरी घेऊन निघाली. रस्त्यावर बीटनं भरलेले ट्रक होते, चाकांबरोबर चिखल उडत होता आणि काच सारखी पुसावी लागत होती. एका ट्रकच्या मागं बराच वेळ अडकून पडल्यावर अ‍ॅलिसननं, समोर बघतच, विचारलं, "आई, क्लेमेंट दिसायला कसा होता गं?"

बेरिलनं सांगितलं. केसांपासून सुरुवात केली, हनुवटी सांगितली, बाहेर आलेला हात आणि त्यावर टेकवलेलं बोट सांगितलं. नखं सांगितली, तीळही सांगितला.

"आणि डोळे?"

पुढच्या ट्रकनं वळायचा दिवा लावला होता.

"डोळे मिटलेले होते," ती म्हणाली.